दाणे ओळीतली तालीम

ग्वाल्हेरला ‘ग्वाल्हेर’ म्हणणारे आता आपण मराठी लोकच काय ते उरलो आहोत. स्थानकावरच्या पाटीवर ‘ग्वालियर’ आहे, आणि बाहेर येऊन रिक्षावाल्याला ‘दाणे ओळ’ म्हणाल तर तो तुमच्याकडे नुसता बघत राहील. त्याला ‘दाना ओली’ असेच म्हणावे लागते. नाव मुळात कोणी ठेवले या वादात मी शिरत नाही. पण मराठी कानाला त्यात धान्याच्या दुकानांची ओळ ऐकू येते हे खरे. पुण्यात जी आळी, नागपूरच्या इतवारीत जी सराफा ओळी नि किराणा ओळी, तिचीच ही उत्तरेकडे येऊन राहिलेली बहीण असावी. वाटेत तिने दोन वर्ण मात्र टाकून दिले. दाण्यातला ण गेला, ओळीतला ळ गेला. या दोन वर्णांशी पुढे पुन्हा गाठ पडणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

२०२४ च्या डिसेंबरात मी तेथे गेले ती तानसेन समारोहाच्या निमित्ताने. उत्सवाचे ते शंभरावे वर्ष. हजिऱ्याला मोहम्मद गौस यांच्या मकबऱ्याच्या आवारात तानसेनाची समाधी आहे. तेथे उत्सवाच्या आरंभी मिलाद होतो आणि ढोलीबुवांची हरिकथाही होते. कीर्तनाची झांज आणि मिलादचे स्वर एकाच सकाळी एकाच अंगणात ऐकावेत, तर ते ग्वाल्हेरातच. परंतु या लेखाचा विषय समारोह नव्हे. रात्री मैफल संपवून, कानाला मफलर गुंडाळून दाणे ओळीत परतले, की ज्या घरी मी उतरले होते तेथे दुसरीच मैफल चालू असे. तिची हकीकत सांगायची आहे.

दौलतराव शिंद्यांचा तळ १८१० मध्ये किल्ल्याच्या पायथ्याशी पडला आणि तंबूंच्या जागी पुढे घरे झाली. म्हणून या शहराचे नाव आजही लष्कर. आमच्या आत्याचे सासर या लष्करातल्या जुन्या वस्तीतले. घर अरुंद तोंडाचे आणि खोल पोटाचे. खाली कधीकाळी भाड्याने दिलेली वखार, वर चौक, आणि चौकाच्या कडेला माजघर, जेथे हिवाळ्यात सगळे कुटुंब एका शेगडीभोवती जमते. आत्या आता ब्याऐंशीची आहे. १९६१ साली ग्वाल्हेरला कुसुमावती देशपांडे यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा ती अठरा वर्षांची होती आणि पाहुण्यांना पाणी देण्याचे काम तिच्याकडे होते. अध्यक्षपदी बाई पाहून आपल्या सासूबाई किती वेळ गप्प होत्या, हे ती अजून सांगते.

या आत्याची नात बारावी होऊन माधव संगीत महाविद्यालयात गायनाच्या पदविकेला बसलेली. समारोहाच्या दुसऱ्या रात्री तिने गजकचा डबा माझ्यासमोर ठेवला आणि एका दमात म्हणाली, “आत्या, तू बाबांना समजाव नं. मला संगीत नाटक शिकायचंय. नुसतं गाणं नाही, नुसतं नाटक नाही.” (मी तिच्या आजीला आत्या म्हणते आणि ती मला, मराठी घरात असे एकाच नावाच्या जिन्यावर पिढ्या चढत-उतरत असतात.) २०१५ साली ‘कट्यार काळजात घुसली’चा चित्रपट तिने लहानपणी पाहिला, मग मूळ नाटक १९६७ चे, दारव्हेकरांचे, आणि त्यात खाँसाहेब म्हणून वसंतराव देशपांडे उभे राहिले होते हे कळल्यावर जुनी ध्वनिमुद्रणे मिळवून ऐकली, आणि पोरगी त्यातच अडकली.

तिच्या वडिलांचा, म्हणजे माझ्या आतेभावाचा, प्रश्न साधा होता. “हे शिकवतात कुठे? आणि शिकून झाल्यावर कागद कसला मिळतो?” मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि लक्षात आले की ते माझ्याजवळ नाही.

आमच्या नात्यातली एक मुलगी अमेरिकेत न्यू जर्सीला नेमके हेच शिकते आहे. तिकडे गावोगाव जी दोन वर्षांची सार्वजनिक महाविद्यालये असतात, त्यांतल्या काहींत संगीत-नाट्याचा अभ्यासक्रम आहे. दोन वर्षांनी एक छोटी पदवी मिळते आणि तिच्या बळावर पुढे चार वर्षांच्या महाविद्यालयात मधूनच प्रवेश घेता येतो. आम्ही तिला फोन लावला. तिने आपले वेळापत्रक वाचून दाखवले. सकाळी बॅले आणि टॅप नृत्य, मग एकेकट्याने गळ्याची शिकवणी, पियानोवर बसून स्वरलिपी वाचणे, दुपारी अभिनय. आणि आठवड्यातून दोनदा एक वर्ग असा, की त्यात विद्यार्थ्याने गाणे म्हणायचे, पण पहिला स्वर काढण्याआधी सांगायचे की या पात्राला या क्षणी काय हवे आहे आणि ते बोलून का भागत नाही.

आत्या शेगडीत कोळसे सारत होती. ती मान वर न करता म्हणाली, “म्हणजे आमच्याकडे विंगेत उभं राहून शिकायचे तेच की.”

येथे थोडे मागे जाणे भाग आहे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले. त्याआधीच्या, विष्णुदास भाव्यांच्या वळणाच्या नाटकांत पदे सूत्रधार म्हणे आणि पात्रे भाषण करीत. किर्लोस्करांनी पद ज्याचे त्याच्या तोंडी दिले. ही गोष्ट दिसते लहान. पण त्या दिवसापासून मराठी नटाला गाता येणे आणि मराठी गवयाला बोलता येणे भाग पडले. अमेरिकेत संवाद, गाणे आणि नृत्य जेथे एकजीव झाले असे मानतात ते ‘ओक्लाहोमा’ १९४३ चे. हा हिशेब मी फोनवर अभिमानाने सांगितला, तेव्हा न्यू जर्सीची कन्या म्हणाली, “मग आपल्याकडे त्याचं कॉलेज का नाही?” अभिमान तेथेच आवरता घ्यावा लागला.

आरंभी या नाटकांत साकी, दिंडी, कामदा, लावणी अशा चाली होत्या. ख्यालाची भारी गायकी तीत पुढे आली, आणि ती ज्या वाटांनी आली त्यांतली मोठी वाट ग्वाल्हेरातून निघते. हद्दूखाँ-हस्सूखाँ यांच्या घराण्याची विद्या हस्सूखाँचे शिष्य वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी घेतली आणि महाराष्ट्रात नेली. सावंतवाडीकडचे रामकृष्णबुवा वझे लहान वयात हालअपेष्टा सोशीत ग्वाल्हेरला आले आणि निसारहुसेनखाँच्या पायाशी बसले. याच निसारहुसेनखाँकडे ग्वाल्हेरचे शंकरराव पंडितही शिकले. पुढे वझेबुवांनी नाटकांना चाली दिल्या. ‘रणदुंदुभी’ १९२७ चे, ‘संन्यस्त खड्ग’ १९३१ चे, दोन्ही बळवंत संगीत मंडळीची, आणि त्यांत गाणारे मास्टर दीनानाथ. ‘स्वयंवरा’ला १९१६ मध्ये चाली देणारे भास्करबुवा बखले लहानपणी किर्लोस्कर मंडळीत नट होते, आवाज फुटला तेव्हा तेथून बाहेर पडून बडोद्याला फैजमहंमदखाँकडे गेले, आणि तीही विद्या ग्वाल्हेरचीच. दीनानाथांच्या त्या चपळ, टप्प्याच्या अंगाने जाणाऱ्या ताना ऐकताना मला तरी या शहरातल्या अरुंद, एकदम वळणाऱ्या गल्ल्या आठवतात. हे शास्त्र नव्हे, माझा कानभ्रम समजावा.

नाटक मंडळी हेच त्या काळचे महाविद्यालय होते. मुलगा आठ-दहा वर्षांचा आला, की आधी पाणी भरणे, पडदे ओढणे. मग नक्कल पाठ करणे, तालीम मास्तरांच्या छडीखाली उभे राहणे. सकाळी गवयाकडे स्वर घोटणे आणि रात्री विंगेतून तोच प्रयोग पन्नास वेळा पाहणे. दोन वर्षांची मुदत नव्हती, कागदही नव्हता. मंडळ्या मोडल्या तसे हे शिक्षण घराघरांत शिरले. जयराम आणि जयमाला शिलेदारांनी १९४९ साली ‘मराठी रंगभूमी’ संस्था काढली आणि त्यांच्या मुली घरातच, तालमीत, वाढल्या. कीर्ती शिलेदार २०२२ मध्ये गेल्या, तेव्हा त्या घरगुती शाळेचा एक मोठा वर्ग रिकामा झाला असे वाटले.

आणि एक उदाहरण मला फार बोलके वाटते. विनायकबुवा पटवर्धन हे विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य, म्हणजे पुन्हा ग्वाल्हेरची गादी. ते १९२२ पासून दहा वर्षे गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांसमोर नट म्हणून उभे राहिले. १९३२ मध्ये मंडळी सोडून त्यांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढले. दोन्ही कला ज्याच्या अंगी होत्या, अशा माणसाने शाळा काढली ती गाण्याची. त्यात त्यांचा दोष नाही. गाण्याला तोवर स्वरलिपी, क्रमिक पुस्तके, परीक्षा मिळाल्या होत्या. नाट्यपदाला त्या कोणी दिल्या नव्हत्या.

ग्वाल्हेरातही तेच घडले. कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ मध्ये वडिलांच्या नावाने गांधर्व विद्यालय सुरू केले. माधवराव शिंद्यांनी भातखंड्यांच्या सल्ल्याने १९१८ मध्ये माधव संगीत विद्यालय स्थापले. तेथे राजाभैया पूछवाल्यांनी पिढ्या तयार केल्या. २००८ मध्ये राजा मानसिंह तोमर यांच्या नावाचे संगीत व कला विद्यापीठही शहरात झाले, त्यात गायन आहे, नृत्य आहे, नाट्य आहे. २०२३ साली युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचे सर्जनशील नगर म्हणून मानही दिला. एवढे सगळे आहे. पण गाण्याचा विभाग एका दारात, नाट्याचा दुसऱ्या दारात, आणि आमच्या मुलीला जे हवे ते या दोन दारांमधल्या ओसरीवर. तिला गाणे शिकवणारे म्हणतात, नाट्यपदे फार म्हणू नकोस, आलापाची सवय मोडेल. नाटकवाले म्हणतात, गाणे आले की प्रसंगाची गती मरते. दोघेही आपापल्या परीने खरे बोलतात.

आता त्या रात्रीच्या मैफलीकडे येते.

आत्याला गाता येत नाही. आवाज जाड, म्हणून लग्नानंतर येथल्या गणेशोत्सवात ‘सौभद्र’ बसले तेव्हा तिला पात्र मिळाले नाही. हातात पुस्तक देऊन विंगेत उभे केले. प्रॉम्प्टर. नंतर पुष्कळ वर्षे, जेव्हा जेव्हा लष्करात ‘सौभद्र’ झाले तेव्हा तेव्हा, पुस्तक तिच्याकडेच असे. १८८२ चे ते नाटक तिला भाषणापदांसह पाठ आहे, आणि नुसते शब्द नव्हे. कोण कोठे श्वास घेत असे, कोणाचा पाय कोठे अडखळत असे, पेटीवाला केव्हा सूर देत असे, सगळे. नातीला संगीत नाटकाचे वेड लागले, तेव्हा या बाईने कोणाला न विचारता जेवणानंतर माजघरात तालीम सुरू केली होती.

मी चार रात्री ती पाहिली. मुलीला कृष्णाचे काम हवे होते. रुसलेल्या रुक्मिणीची समजूत काढतो तो प्रवेश. आत्याने महिनाभर तिला रुक्मिणी म्हणून उभे केले होते. कृष्णाचे पद ध्वनिमुद्रणावर लावायचे आणि हिने गप्प उभे राहायचे. “दुसऱ्याचं पद चालू असताना उभं राहता आलं पाहिजे. आमच्याकडे निम्मे लोक तिथेच पडायचे. हात कुठे ठेवू म्हणून पदर चाळत बसायचे.” मुलगी उभी राहिली, की आत्या फक्त तिच्या डोळ्यांकडे बघे. तान आली आणि मुलीने गाणाऱ्या विद्यार्थिनीसारखी दाद दिली, की ध्वनिमुद्रण बंद. “रुक्मिणी रागावलीय. तिला तान आवडली हे तिने लपवायला पाहिजे. लपवलेलं दिसलं पाहिजे.”

मग भाषणातून पदात शिरण्याचा पाठ. हा मला सर्वांत अपूर्व वाटला. मुलगी भाषण संपवी, क्षणभर थांबे, घसा साफ करी, षड्ज लावी आणि गाऊ लागे, बैठकीतली शिस्त. आत्या पुस्तकावर बोट आपटी. तिचे म्हणणे असे, की पदाआधीचे शेवटचे वाक्य हेच अवघड. त्या वाक्यात आवाज हळूहळू उचलत षड्जाच्या शेजारी नेऊन ठेवायचा, पेटीने त्याच वेळी शब्दांखालून सूर सरकवायचा, आणि बोलणे कोठे संपले व गाणे कोठे सुरू झाले ते प्रेक्षकाला कळता कामा नये. त्या एका वाक्यावर त्यांनी माझ्यासमोर पाऊण तास घालवला. तंबोरा नव्हता, मोबाइलवरच सूर लावून ठेवला होता. हे वाक्य कोणत्या क्रमिक पुस्तकात सापडणार? पद पुस्तकात आहे, भाषण पुस्तकात आहे. मधला सांधा आत्याच्या कानात आहे.

आणि ते दोन वर्ण. आमची ही मुलगी घरी मराठी बोलते, बाहेर हिंदी, आणि तिच्या जिभेवर ळ व ण हे पाहुण्यासारखे येतात. बोलताना आपल्याला ते खटकत नाही. आपण सगळेच थोडेफार तसे. पण पदात एकेक अक्षर स्वरावर चार-चार मात्रा उभे राहते. तेथे ‘बाळ’चा ‘बाल’ झाला की लपत नाही. तेव्हा रोज तालमीच्या आरंभी ती दहा वेळा गल्लीचे नाव म्हणे, दाणे ओळ, दाणे ओळ, आणि आतेभाऊ पांघरुणातून ओरडे, “अगं, पोस्टमनला तरी कळू दे आपण कुठे राहतो ते!”

न्यू जर्सीच्या मुलीशी या दोघींचे फोनवर बरेच बोलणे झाले. एक फरक तिच्याच लक्षात आला. तिकडे गाणे कागदावर पूर्ण लिहिलेले. वाद्यवृंद त्याच मात्रेला संपणार. आपले पद म्हणजे सांगाडा. विस्तार त्या रात्री गाणाऱ्याने करायचा, आणि किती करायचा हे प्रसंगाने ठरवायचे. म्हणजे आधी ख्यालाची दहा वर्षे हवीत आणि मग ती आवरण्याची अक्कल. दोन वर्षांची पदवी आपल्याकडे निघाली तरी ती या विद्येला पुरायची नाही, असे माझे मत झाले. मात्र दहा वर्षे गाणे शिकलेल्या मुलीला तो सांधा शिकवायला दोन वर्षे पुष्कळ झाली. असा अभ्यासक्रम एखाद्या विद्यापीठाने, आणि मी म्हणेन ग्वाल्हेरच्याच, काढण्यास काय हरकत आहे? शिकवू शकणारी माणसे मोजकी आहेत आणि ती ऐंशी ओलांडलेली आहेत.

उन्हाळ्यात मुलगी दूरच्या एका शहरात प्रवेशाच्या चाचणीला जाऊन आली. संस्थेचे नाव सांगण्याचे कारण नाही. तिने भाषण आणि पद सलग तयार केले होते, सुभद्रेचे. तेथे गेल्यावर कळले की भाषण सकाळी एका खोलीत ऐकतात, गाणे दुपारी दुसऱ्या खोलीत, आणि परीक्षक वेगळे. तिने सकाळी भाषण म्हटले आणि शेवटचे वाक्य सवयीने वर उचलून नेले; परीक्षकांपैकी एकाने विचारले, “हे शेवटी असं का म्हणालात?” तिने सांगितले, “पुढे पद आहे.” ते म्हणाले, “पद दुपारी.”

तिला प्रवेश मिळाला होता, तरी गेली नाही. त्यावरून घरात आठ दिवस अबोला होता, आतेभावाचा बहुतेक खर्च वाचला असूनही. आता ती ग्वाल्हेरातच गायनाचे पुढचे वर्ष करते आहे आणि संध्याकाळी नाटकाच्या तालमींना जाते. गेल्या, म्हणजे २०२५ च्या, गणेशोत्सवात मंडळाने वीस मिनिटांची वेळ दिली. कृष्ण-रुक्मिणीचा तो एकच प्रवेश तिने मैत्रिणीबरोबर केला, कृष्ण ही. आत्या खुर्ची टाकून विंगेत बसली होती, पुस्तक मांडीवर मिटलेले.

मला त्याचे मोबाइलवरचे चित्रण आले. आवाज फाटका, मध्येच कोणाचे तरी मूल रडते आहे, आणि समोरच्या निम्म्या लोकांना शब्द कळत नसावेत. तरी पद संपल्यावर मागून एक वयस्क आवाज ‘वन्स मोअर’ म्हणून ओरडलेला स्पष्ट ऐकू येतो. मी लगेच आत्याला फोन केला. पदाबद्दल ती काही बोललीच नाही. पेटीवाल्याने सूर उशिरा दिला म्हणून चिडली होती. शेवटच्या वाक्याच्या चौथ्या शब्दावर द्यायला हवा होता, त्याने सहाव्यावर दिला.